सोडचिठ्ठीतलं चौथं कलम

तालुका सांगत नाही. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर, जिल्ह्यातल्या आठांपैकी कोणताही धरा. कोर्टासमोरचा कडुनिंब आणि त्याखालचं अर्जनवीस काकांचं टेबल सगळीकडे सारखंच. या टेबलाचा एक पाय केव्हाच गेलाय, त्या जागी दोन विटा आहेत. टाइपरायटर जाऊन लॅपटॉप आला, तरी काका मजकूर आधी पाठकोऱ्या कागदावर हातानं लिहितात आणि मग शेजारच्या पोराकडून टाइप करून घेतात. मी वारस नोंदीच्या अर्जासाठी गेलो होतो. माझ्यापुढे एक जोडपं होतं.

मुलगी बावीस-तेवीसची, मुलगा तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. तिच्या बाजूनं मामा, त्याच्या बाजूनं चुलता. खांद्यावर तीन वर्षांचं पोर. त्यानं काकांच्या शाईच्या पॅडवर बोट घालून ते तोंडात घातलं होतं आणि आई पदरानं त्याची जांभळी जीभ पुसत होती. सोडचिठ्ठी करायची होती. आधार कार्डाच्या झेरॉक्स कमी पडल्या म्हणून सगळे समोरच्या दुकानात गेले. बाकाखाली पोराची एक चप्पल राहिली.

तेवढ्यात वकीलताई चहाला आल्या. ताई मूळच्या इथल्याच, वीस वर्षं याच आवारात. टेबलावरचा कच्चा मजकूर त्यांनी उलट्या बाजूनं उभ्याउभ्या वाचला. वकिलांना ही सवय असते. पहिली तीन कलमं नेहमीची होती: लग्न केव्हा झालं, पटत नाही, राजीखुशीनं वेगळे होतो. चौथं असं: सदर मुलगा लिहून देणार नं. २ हिच्या ताब्यात राहील. लिहून देणार नं. १ याचा त्याच्यावर यापुढे कोणताही हक्क राहणार नाही, तसेच त्याच्या खावटीची, शिक्षणाची व लग्नाची कोणतीही जबाबदारी लिहून देणार नं. १ याच्यावर राहणार नाही.

"काका, हे चौथं काढा."

"काहून जी ताई? दोघंही राजी आहेत. मामा राजी, चुलता राजी. मी कोन काढनारा?"

"तिसरा राजी आहे का?"

"कोनता तिसरा?"

ताईंनी पायानं बाकाखालची चप्पल दाखवली.

काका हसले. "त्याले काय समजते? तीन वर्साचं लेकरू."

"समजत नाही म्हणूनच म्हणते. खावटी त्याची आहे, आईची नाही. आईनं स्वतःची सोडली, तर त्यावर निदान वाद तरी घालता येईल. पोराची सोडायचा अधिकार तिला कोणी दिला? शेजाऱ्याचा बैल तुम्ही पुलगावच्या बाजारात नेऊन विकाल का?"

इथे एक शब्दाची गोष्ट सांगून पुढे जातो. कायद्याच्या मराठीत पोटगी म्हणतात, निर्वाह म्हणतात. आमच्याकडे माणसं खावटी म्हणतात. पोटगी म्हटलं की भांडण डोळ्यासमोर येतं, खावटी म्हटलं की ताट. मी पुढे खावटीच लिहिणार आहे.

"ताई," काका म्हणाले, "तुमच्याजवळ मानूस येते तवा भांडाले येते. माझ्याजवळ येते तवा भांडून थकलेला असते. त्याले कागद पाहिजे. दोन घरचे लोक चार बैठका बसले, शिव्या झाल्या, रडनं झालं, मंग एक गोष्ट ठरली. ते पोरगं मांगनार नाही, हे पैसे मांगनार नाही. हिसाब बरोबर. तुमी त्याच्यातलं एक कलम काढसान, तर बैठक पुन्हा पहिल्यापासून."

"हिशोब बरोबर कसा? एका बाजूला पोरगं, दुसऱ्या बाजूला पैसे. आणि दोन्ही पोराचेच!"

हा सौदा मला नवा नव्हता. जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात विचारा, हाच ऐकू येईल. बाप भेटायचा हक्क सोडतो, आई खावटी सोडते, आणि दोघांनाही वाटतं आपण काहीतरी मिळवलं. जातीच्या बैठकीत पूर्वी हे तोंडी व्हायचं, आता पाचशेच्या स्टॅम्पवर होतं. पण कायद्याला हा सौदा दिसतच नाही. खावटीचं जे जुनं १२५ कलम, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ झालं. आकडा बदलला, मजकूर जवळपास तोच. ऐपत असून जो आपल्या मुलाला सांभाळत नाही, त्याला कोर्ट दरमहा रक्कम द्यायला लावतं. मूल लग्नाचं असो की लग्नाबाहेरचं, बाप हिंदू असो, बौद्ध असो की मुसलमान. आईनं अमुक तारखेला अमुक कागदावर सही केली असेल तर सोडून, असं त्यात कुठे नाही. सुप्रीम कोर्टानंही म्हटलं आहे की नवऱ्याशी तडजोड करताना आई आपल्या मुलीचा खावटीचा हक्क सोडून देऊ शकत नाही.

"म्हंजे माझा कागद रद्दी?" काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, कारागिराची दुखरी जागा होती.

"चौथं कलम रद्दी. कागदाचं बाकी काय, त्यावर वेगळं भांडू. सोडचिठ्ठीची रूढी त्यांच्या समाजात आहे हे सिद्ध झालं तरच ती टिकते, नाहीतर घटस्फोटाला कोर्टाचीच पायरी चढावी लागते. ते असो. मी आज पोरापुरतंच बोलते."

काकांनी चहा मागवला, सोबत गोरसपाक बिस्किटं. वर्ध्याचा माणूस वाद घालायचा असला की आधी गोरसपाक पुढे करतो.

"एक गोष्ट सांगा," गोरसपाक चहात बुडवत ते म्हणाले. "लेकरू सोडून देनं आपल्यात पाप कवा होतं? आपल्या वर्ध्याचा सगळ्यात मोठा मानूसच दिलेलं पोरगं होता."

जमनालाल बजाज. जन्म ४ नोव्हेंबर १८८९, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या गावी. वडील कनीराम, आई बिरदीबाई. वर्ध्याचे बच्छराज शेट नात्यातले. त्यांचा दत्तक मुलगा वारला होता, घरात वंश नव्हता. पाचव्या वर्षाच्या आसपास जमनालाल त्यांच्याकडे नातू म्हणून दत्तक आला. सख्ख्या आईबापांनी मोबदला घेतला नाही, तेव्हा गावासाठी विहीर खोदून दिली, असं चरित्रांमध्ये सांगतात. ते पोरगं इथेच वाढलं. त्यानं १९२८ साली लक्ष्मीनारायणाचं देऊळ दलितांना खुलं केलं, गांधीजींना वर्ध्यात आणलं, ज्या जमिनीवर सेवाग्राम उभं राहिलं ती दिली.

"बरोबर," ताई म्हणाल्या. "पण ते पोरगं दिलं. सोडलं नाही. एका मांडीवरून उचललं आणि दुसऱ्या मांडीवर ठेवलं. मधे जमीन लागू दिली नाही. १९५६ च्या दत्तक कायद्यातही तेच आहे. दत्तक झाल्या दिवसापासून सख्ख्या बापाशी नातं तुटतं, त्याची जबाबदारी संपते, कारण ती दुसऱ्यानं उचललेली असते. देणं आणि घेणं, दोन्ही खरोखर व्हावं लागतं. पैसा घेतला तर सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि एकदा झालं की बापाला, आईला, कोणालाच ते फिरवता येत नाही. तुमच्या चौथ्या कलमात देणारा आहे. घेणारा कुठाय?"

"माय आहे ना."

"माय आधीपासूनच होती. मांडी वाढली नाही, एक कमी झाली."

काका गप्प झाले, पण हरले नाहीत. त्यांना जमनालालांची दुसरी गोष्ट आठवली. एका लग्नाला दागिने घालून जायला नकार दिला म्हणून बच्छराज शेट फार रागावले, बोलू नये ते बोलले. तेव्हा, १९०७ साली, जमनालालनं घर सोडलं आणि आजोबांना पत्र लिहिलं. सार एवढंच: तुमच्या संपत्तीवर माझा काही हक्क नाही, मला काही नको.

"पाहा. हक्कसोड. घरातल्या घरात. त्याले लोक आजही मानतात ना?"

"मानतात, कारण ते पत्र त्यानं स्वतः लिहिलं. त्याच्या बापानं त्याच्या नावावर लिहून दिलं नव्हतं. आणि काका, तेव्हा तो सतरा वर्षांचा. १८७५ च्या कायद्यानं अठराखालचा अज्ञान. वर्ध्याच्या कोर्टात ते पत्र अर्धा तास टिकलं नसतं."

यावर काका मोठ्यानं हसले. "शेटजीनंबी ते धरलं नाही. परत बलावून आनलं."

"बघा. मोठा सावकार होता, पण अज्ञान मुलाची हक्कसोड त्यानंही मान्य केली नाही."

मला वाटतं ताईंचा सगळा वाद या मांडीच्या गोष्टीत आहे. आपल्याकडे माणसं म्हणतात, मी त्याचं नाव टाकलं. जणू बापपण म्हणजे किराणा दुकानाची उधारी, पान फाडलं की संपली. पण नाव टाकणं असं काही कायद्याच्या पुस्तकात नाही. घेणाऱ्याशिवाय देणं नाही.

काकांनी मग वर्तमानपत्र पुढे केलं. आतल्या पानावर चौकटीत जाहीर सूचना होती: माझा मुलगा माझ्या सांगण्यात नाही, त्याच्याशी केलेल्या व्यवहारास मी जबाबदार नाही. "हे तर रोज छापून येते. गांधीजीनंबी छापलं होतं ना आपल्या पोराबद्दल?"

छापलं होतं. जून १९२५ च्या 'यंग इंडिया'त. थोरला हरिलाल कलकत्त्याच्या एका कंपनीशी जोडलेला होता, तिच्यात पैसे अडकलेल्यांच्या बाजूनं तक्रार आली, तेव्हा गांधीजींनी जाहीर लिहिलं की मुलाच्या व्यवहाराशी आपला संबंध नाही. उलट जमनालालनं १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी गांधीजींकडे स्वतःहून मागून घेतलं की मला तुमचा पाचवा मुलगा करा. आणि पहिला १९११ सालीच घर सोडून गेलेला. सेवाग्रामला बापूकुटी बघायला येणाऱ्या शाळेच्या पोरांना यातली पाचव्याची गोष्ट सांगतात, पहिल्याची सहसा सांगत नाहीत.

"हरिलाल तेव्हा छत्तीस वर्षांचा होता," ताई म्हणाल्या. "छत्तीस वर्षांच्या पोराच्या कर्जाला बाप जबाबदार नाहीच. त्यासाठी सूचना छापायचीही गरज नाही. तीन वर्षांच्या पोराच्या दुधाला मात्र आहे. तिथे सूचना छापूनही उपयोग नाही."

इथपर्यंत मी पूर्णपणे ताईंच्या बाजूचा होतो. मग काकांनी खुर्ची मागे सरकवली आणि जे बोलले त्यानं माझी बाजू डळमळली.

"ताई, आता माझं ऐका. हा पोरगा जिनिंगमध्ये हमाली करते. हंगामापुरती. बाकीचे महिने मिळन ते काम. अर्ज केला, समजा कोर्टानं तीन हजार लावले. दोन महिने देईन. मंग थकन. मंग तुमी वसुलीचा अर्ज करसान. वॉरंट निघन. महिनाभर आत जाईन. आत गेला म्हंजे मजुरी बुडाली. लेकराले काय भेटलं? बापाची कैद. आन बाहेर आल्यावर तो तिच्या माहेरी दारू पिऊन गेला, तर थे कोन पाहीन? तुमचं कोर्ट? अन् दारूचं कलम मी कागदात लिहीत नाही बरं, जिल्हा कवापासूनच बंदीचा आहे!"

ताई हसल्या नाहीत. "आत गेला म्हणून थकबाकी फिटत नाही. सुप्रीम कोर्टानं केव्हाच सांगितलंय की कैद ही वसुलीची रीत आहे, पावती नाही. आणि अंगमेहनत करू शकणाऱ्या माणसाला 'मला काम नाही' म्हणून हात वर करता येत नाहीत."

"कागदावर फिटत नाही. पन पोटात जात बी नाही."

ताईंनी कप खाली ठेवला. याला त्यांच्याकडे सरळ उत्तर नव्हतं आणि असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. खरं सांगायचं तर कायद्याची सगळ्यात कच्ची जागा हीच आहे. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी महिन्यापर्यंत कैद, आणि थकल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज. वर्ष उलटलं की वॉरंटचा रस्ता बंद. कापूस वेचणीला जाणारी बाई दर वेळी मजुरी बुडवून तारखेला यायची, तर वर्ष कसं निघून जातं ते तिलाही कळत नाही. अंतरिम खावटीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यातच आहे. काका त्याला साठ तारखा म्हणतात.

नागपूरचं उदाहरण ताईंनीच दिलं, स्वतःच्या विरुद्ध जाणारं. जानेवारी २०१३ मध्ये, मुलगा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, एक बाई सासर सोडून निघाली. सप्टेंबर २०१३ मध्ये तिनं खावटी मागितली. फॅमिली कोर्टानं ऑगस्ट २०१५ मध्ये आदेश दिला: बायकोला महिना १५,०००, मुलाला ५,०००, सप्टेंबर २०१५ पासून मुलाचे १०,०००. नवरा नागपूर खंडपीठात गेला, तिथे २०१८ मध्ये हरला, मग सुप्रीम कोर्टात. निकाल ४ नोव्हेंबर २०२० ला लागला, म्हणजे मूल आठव्या वर्षात होतं. हा शिकल्यासवरल्या, कमावत्या घरातला खटला. हमालाचा नव्हे. पण त्यातून एक चांगलं झालं. त्या निकालानं देशभरच्या कोर्टांना सांगितलं की खावटी अर्जाच्या तारखेपासून लावायची, आणि दोघांनीही आपली मिळकत, कर्ज, मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करायची. म्हणून ताई म्हणतात, अर्ज आजच करा. निकाल कधीही लागो, मीटर आजपासून चालू.

"आन ज्याच्या मीटरमध्ये काहीच नाही त्याचं?"

"त्याचं सरकारनं बघावं. बालसंगोपन योजनेत एकट्या पालकाच्या मुलाला महिना २,२५० मिळतात. २०२३ च्या आधी ११०० होते. आणि खावटी न मिळणाऱ्या घटस्फोटितेला संजय गांधी निराधार."

"मंग?" काका टेबलावर पुढे झुकले. "थ्या निराधारले काय लागते? कागद! वेगळं झाल्याचा कागद. पोरी माझ्याजवळ कागदासाठीच येतात ताई, हौस म्हनून नाही. कोर्टाचा हुकूम यायले तीन वर्स. माझा कागद तीन तासात."

हा मुद्दा मी ताईंच्या तोंडून कधी ऐकला नव्हता आणि वर्तमानपत्रातही वाचला नव्हता. तहसील कार्यालय कागद मागतं, म्हणून बाई नवऱ्याशी तडजोड करते. नवरा तो कागद फुकट देत नाही, चौथं कलम घालूनच देतो. खरेदी-विक्री तिथे होते.

तेवढ्यात सगळे परत आले. पोराच्या हातात चिप्सचं पाकीट. ताईंनी मुलीला बाजूला बसवलं.

"बाई, खावटी का सोडतेस?"

तिनं आधी मामाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले पैसे नको जी. पोरगं पाहिजे. पैसे मागितले तर थे पोराले नेतील म्हनतात."

सगळ्या चौथ्या कलमांखाली हे एवढंच वाक्य असतं.

ताईंनी तिला समजावलं, तेही वकिली न करता. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच राहतं, कायद्यात तसं लिहिलंय. पाचनंतरही कोर्ट मुलाचं हित बघतं, बापाची खुशी बघत नाही. बाप हा पहिला नैसर्गिक पालक असं कायद्यात असलं, तरी १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याचा अर्थ लावून दिला, की बाप लक्षच घालत नसेल तर आई पालक. ताबा विकत मिळत नाही. खावटी सोडल्यानं तो पक्का होत नाही आणि मागितल्यानं जात नाही.

नवरा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मी देतच होतो ना. दोन हजार दिले दोन वेळा. मले भेटूच देत नव्हते. गेटवरून परत. मंग काहून देऊ?"

इथे मला त्याची कणव आली, हे लपवत नाही. ताईंनाही आली असावी, कारण त्या त्याच्याशी हळू बोलल्या. "भेटायचं कोर्टाकडे माग. महिन्यातून दोन रविवार, सणाला एक दिवस, लावून मिळतात. ते तुझ्यापेक्षा पोराच्या हक्काचं आहे. पण भेटू दिलं तर पैसे आणि नाही दिलं तर नाही, असं होत नाही. दोन वेगळे दोर आहेत. एकात दुसरा अडकवला की पोर मधे लटकतं."

चुलत्यानं विचारलं, "उद्या हिनं दुसरं लग्न केलं तर? मंगही यानंच द्यायचे?"

प्रश्न रास्त होता. ताई म्हणाल्या, नवा नवरा पोराला रीतसर दत्तक घेणार असेल तर यानं लेखी संमती द्यावी, नोंदणी व्हावी, आदेश व्हावा. त्या दिवसापासून हा मोकळा. नुसता पाट लावला म्हणून मोकळा नाही. आणि दोघांनाही पोर सांभाळणं खरंच अशक्य असेल, तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे ते सोपवता येतं. समिती आधी समुपदेशन करते, मग फेरविचाराला दोन महिने देते. तीही एक मांडीच आहे, सरकारची. तिथे जाणाऱ्या आईबापावर कोणी गुन्हा टाकत नाही. गुन्हा आहे तो रस्त्यावर, देवळात, स्टेशनवर टाकून जाण्याचा. बारा वर्षांखालच्या मुलाबाबत सात वर्षांपर्यंत कैद.

चुलत्याला हे सगळं लांबण वाटलं. "आमाले आज कागद पाहिजे."

मी मधे बोलायला नको होतं, पण बोललो. मी म्हटलं, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर राहतात. कोणी कचरापेटीजवळ, कोणी स्टेशनवर सोडलेली, अपंग, मतिमंद, अंध अशी शंभराच्या वर मुलं त्यांनी सांभाळली आणि त्यांच्या बापाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकानं रिकामा केलेला रकाना भरायला दुसऱ्याला आयुष्य लागतं.

चुलता माझ्याकडे बघत राहिला. नवरा मात्र खाली बघत होता, बाकाखालच्या चपलेकडे. त्यानं ती उचलली, पोराच्या पायात घालायला गेला. पोरानं पाय मागे घेतला. मग त्यानं ती आईच्या हातात दिली.

काकांनी पेन घेतलं आणि चौथ्या कलमावर आडवी रेघ मारली. "मी हे टाइप करून देनार नाही," ते म्हणाले. "बाकीचं देतो. पोराचं तुमी कोर्टात ठरवा." ताईंकडे त्यांनी पाहिलंही नाही, जणू त्यांनाच हे मूळचं सुचलं होतं.

याचा शेवट गोड झाला नाही. चुलत्यानं टेबलावरून पाठकोरा कागद उचलला आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला, चाळीस पावलांवरच्या टेबलाकडे चालू लागला. मागून मामा, मामामागून बाकीचे. अर्ध्या तासात कागद झाला. चौथ्या कलमासकट. पाचशेचा स्टॅम्प, दोन साक्षीदार, अंगठा तिचा, सही त्याची. जाताना मुलगी ताईंजवळ थांबली, ताईंनी तिच्या हातात कार्ड ठेवलं, तिनं ते पोराच्या चिप्सच्या पाकिटात सरकवलं.

माझी वारस नोंद त्या दिवशी राहिली. काकांचं लक्ष लागेना.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात, बहिणीच्या, भाचीच्या, शेजारणीच्या कपाटात, असा स्टॅम्प पेपर असेल तर तो काढून बघा. त्यात मुलाच्या खावटीवर पाणी सोडलेलं असलं तरी मुलाचा अर्ज अडत नाही. कागद कालचा असो की सहा वर्षांपूर्वीचा. रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून उशीर करू नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला आणि मुलाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. फोन करायचा असेल तर १५१००.